सिटी प्लॅनिंग आणि अर्बन डिझाइन एकदम? अमेरिकेत ड्युअल डिग्रीला अर्ज केलेल्यांनी कृपया बोला

कागदी_नकाशा
नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

पाच वर्षांचं बी.आर्च झालंय, त्यानंतर तीन वर्षं नोकरी. या तीन वर्षांत एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. इमारतीचं तोंड कुठे, खिडक्या कशा, यासाठी मी रात्री जागवतो. पण ती किती उंच जाणार, रस्त्यापासून किती मागे सरकणार, खाली दुकानं चालतील की नाही, हे कुणीतरी माझ्या आधीच ठरवून टाकलेलं असतं. मला त्या ठरवणाऱ्यांच्या टेबलाशी बसायचंय. पण हातातली पेन्सिलही सोडवत नाही.

म्हणून सिटी प्लॅनिंग (शहराचे नियम आणि धोरणं) अधिक अर्बन डिझाइन (रस्ते, चौक, इमारती मिळून कसं दिसेल ते) अशा ड्युअल डिग्र्या बघतोय. दोन-दोन वर्षांचे दोन कोर्स तीन वर्षांत उरकतात असं दिसतं. अर्ज एक की दोन? एसओपी (का शिकायचंय ते सांगणारा अर्जातला निबंध) एकच चालतं का? प्लॅनिंगवाले पोर्टफोलिओ बघतात का? आणि मुख्य म्हणजे, ते तिसरं वर्ष वसूल होतं का? घरी विचारलं तर "एक काहीतरी धड कर" एवढंच उत्तर मिळालं.

झेब्रा_क्रॉसिंग
खुर्ची टाकून बसलोय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

दुसरी_पाळी
मी केलंय, म्हणून जरा लांब लिहिते.

पहिला गैरसमज: ड्युअल डिग्री नावाचा एक कोर्स असतो आणि त्याला एक अर्ज असतो. बहुतेक ठिकाणी तसं काही नसतं. विभाग दोन, अर्ज दोन, फी दोनदा, आणि निवड समित्याही दोन. या दोन समित्या तुमच्याबद्दल एकमेकींशी बोलतील या भ्रमात राहू नका. कुणी त्याला ड्युअल म्हणतं, कुणी जॉइंट, बर्कलीला कॉन्करंट म्हणतात. नावावर जाऊ नका, किती क्रेडिट दोन्हीकडे धरली जातात ते बघा. तुमचं वाचलेलं वर्ष तिथून येतं.

माझं काय झालं सांगते. दोन्हीकडे अर्ज केले. प्लॅनिंगने घेतलं, डिझाइनने नाही. रडून झालं. मग नियम नीट वाचले तेव्हा कळलं की पहिल्या वर्षात असताना आतून पुन्हा अर्ज करता येतो. एमआयटीला ही वाट जुनी आहे: प्लॅनिंगच्या एमसीपी या मास्टर्सबरोबर एम.आर्च (आर्किटेक्चरचं व्यावसायिक मास्टर्स) किंवा एसएमआर्कएस (आर्किटेक्चरचंच पुढचं मास्टर्स) जोडता येतं, दोन्ही डिग्र्यांच्या अटी पुऱ्या कराव्या लागतात, पण प्रबंध एकच संयुक्त देता येतो. माझं विद्यापीठ वेगळं, रीत साधारण तीच.

आता खरी ठेच. आतून अर्ज करायची मुदत पहिल्या सत्राच्या शेवटी आली. म्हणजे संख्याशास्त्राची परीक्षा, स्टुडिओचं (प्रकल्प करत शिकायच्या वर्गाचं) सादरीकरण आणि पोर्टफोलिओ, तिन्ही एकाच आठवड्यात. जुन्या कामाच्या मूळ फायली घरच्या कॉम्प्युटरवर आणि तो कॉम्प्युटर बंद. भावाला रात्री दोनला उठवून एकेक फाइल मागवली. तेव्हा कागदीभाऊ, कुठल्याही वाटेने जा, पोर्टफोलिओ निघण्याआधी तयार ठेवा.

सेटबॅक
थोडं विरुद्ध बोलतो. मी प्लॅनर आहे, इथे अमेरिकेतच एका शहराच्या नियोजन विभागात. फक्त प्लॅनिंगची डिग्री, बरोबर अर्बन डिझाइनची चार-पाच वैकल्पिक. कधी अडलं नाही.

एक गोष्ट लोक बघतच नाहीत. प्लॅनिंगच्या कोर्सला मान्यता देणारं मंडळ आहे, पीएबी. आर्किटेक्चरला नाब आहे, लँडस्केपला लाब आहे. अर्बन डिझाइनला कुणीच नाही. लायसन्स नाही, परीक्षा नाही, उद्या तुम्ही आणि मी दोघंही कार्डावर 'अर्बन डिझायनर' छापू शकतो. पीएबी-मान्य मास्टर्स असेल तर एआयसीपी या व्यावसायिक प्रमाणपत्रासाठी अनुभवाची अट दोन वर्षांवर येते. दुसऱ्या डिग्रीने त्यात काहीच भर पडत नाही.

आणि हो, अर्बन डिझाइनचं मास्टर्स केलं म्हणून अमेरिकेत आर्किटेक्टचं लायसन्स मिळत नाही. त्या डिग्र्या पोस्ट-प्रोफेशनल, म्हणजे व्यावसायिक पदवीनंतरच्या असतात, नाबची मान्यता एम.आर्चला असते. हे तिसऱ्या वर्षात कळलेला एक जण माझ्या शेजारी बसतो.

प्रश्नचिन्ह_७
@सेटबॅक, शेजारी बसणारे सध्या काय करतात?

सेटबॅक
माझ्यापेक्षा सुंदर नकाशे. पगार तोच.

नकाशावेडी
सेटबॅकराव, आदर आहे, पण सहमत नाही. एक प्रसंग सांगते.

दुसऱ्या वर्षाचा स्टुडिओ. गटात तीन प्लॅनर, दोन डिझाइनवाले. रस्ता १८ मीटर रुंद. प्लॅनरांच्या अहवालात काय नव्हतं? गाड्यांच्या दोन लेन, दोन्ही बाजूंना सायकल, एका बाजूला पार्किंग, बसची स्वतंत्र लेन, मोठे फुटपाथ. वाचताना डोळ्यांत पाणी यावं असा रस्ता. मी काही न बोलता रस्त्याचा छेद (आडवा कापून दाखवणारं चित्र) काढायला घेतला. लेन ३.२ च्या दोन, सायकल २ च्या दोन, पार्किंग २.४, बस ३.५, फुटपाथ ३ चे दोन. बेरीज २२.३. झाडं अजून लावलीच नव्हती! सव्वाचार मीटर समोरच्यांच्या घरात घुसत होते. अहवालावर तोवर तीन आठवडे गेले होते.

मी ऐटीत पार्किंग खोडलं, एक सायकल मार्ग खोडला, फुटपाथ थोडे आवळले, बसवलं सगळं. तेव्हा गटातली एक मुलगी शांतपणे म्हणाली, "ते पार्किंग काढायला किती जनसुनावण्या लागतील माहितीये? आणि दुकानदारांना कोण सांगणार, तू?" मी गप्प. त्या सत्रात मला कळलं की मला तिच्या बाजूचंही शिकायचंय. वैकल्पिक विषयांनी ते होत नाही. स्टुडिओमध्ये हात काळे व्हावे लागतात, आणि सुनावणीत तोंड.

झेब्रा_क्रॉसिंग
"आणि सुनावणीत तोंड" __/\__

सेटबॅक
प्रसंग मान्य. पण मग ती मुलगी ड्युअलवाली होती का?

नकाशावेडी
नाही हो. नुसती प्लॅनर. चरफडत कबूल करते.

तळमजला
व्हिसाचं कुणी बोललं नाही अजून. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांनी हे आधी वाचा, स्वप्नं नंतर बघा.

ओपीटी (शिक्षणाला जोडून अमेरिकेत काम करायची परवानगी) बारा महिन्यांचं, आणि ते शिक्षणाच्या एका पातळीला एकदाच. दोन मास्टर्स म्हणजे पातळी एकच. ड्युअल केलं म्हणून दोन ओपीटी मिळत नाहीत. पुढचे चोवीस महिने स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतल्या विषयालाच, आणि कुठला विषय स्टेम हे डिग्रीच्या नावावर नाही, विद्यापीठाने त्या कोर्सला लावलेल्या सीआयपी कोडवर (विषयाच्या सरकारी वर्गीकरणाच्या क्रमांकावर) ठरतं. त्यामुळे एकाच नावाचा कोर्स इथे स्टेम आणि तिथे नाही असं होतं. लँडस्केप आर्किटेक्चर २०२३ मध्ये यादीत आलं. प्लॅनिंगचा कोड प्रत्येक ठिकाणी विचारून घ्यायचा, लेखी. दोन्ही डिग्र्या एकाच दिवशी मिळणार असतील तर ओपीटी कुठल्या डिग्रीवर लावायचं हेही आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आधीच विचारा.

आणखी एक. तीन वर्षं म्हणजे उन्हाळे दोन, त्यात पूर्णवेळ सीपीटी (शिकत असतानाच, कोर्सचा भाग म्हणून काम करायची परवानगी) घेतलं तर चालतं, पण एकूण बारा महिने झाले की ओपीटी गेलं. हिशोब ठेवा.

हलकंफुलकं
थोडक्यात, दोन डिग्र्यांवर एक ओपीटी. ऑफर उलटी लागलीये. (हलके घ्या.)

जुना_पूल
तरुणांनो, जरा मागे जाऊ.

हार्वर्डने १९२९ मध्ये सिटी प्लॅनिंगची स्वतंत्र शाळा काढली, देशातली पहिली. मग हळूहळू प्लॅनर आकडे आणि धोरणांकडे सरकले, आर्किटेक्ट इमारतींकडे, आणि मधला रस्ता अक्षरशः कुणाचाच राहिला नाही. १९५६ मध्ये हार्वर्डच्या डिझाइन शाळेचे डीन होझे लुईस सर्ट यांनी अर्बन डिझाइनवर परिषद भरवली, ती या फाटलेल्यांना शिवण्यासाठीच. पुढे शहरांवरच्या लेखनाने गाजलेल्या जेन जेकब्स तेव्हा एका आर्किटेक्चर मासिकात काम करत होत्या. संपादक जाऊ शकले नाहीत म्हणून बदली म्हणून बोलायला गेल्या आणि सभा मारून आल्या. १९६० मध्ये तिथे अर्बन डिझाइनचा कोर्स सुरू झाला.

म्हणजे बघा, दोन गावांत दरी पडली म्हणून मधे पूल बांधला. आता पुलाचंच तिसरं गाव झालं, आणि तिथे जायला तुम्ही वेगळा अर्ज भरताय.

दुसरी_पाळी
काका, हे एसओपीत घालू का? :)

जुना_पूल
नको. जेन जेकब्स आधीच प्रत्येक एसओपीत आहेत. बाईंना जरा विश्रांती द्या.

भूगोलवाला
मधेच विचारतो. माझी पदवी भूगोलाची, जीआयएस (संगणकावरचं नकाशाकाम) चांगलं येतं, चित्रकलेत काठावर पास. मला हे ड्युअल जमेल का?

नकाशावेडी
@भूगोलवाला, प्लॅनिंगला कुठलीही पदवी चालते. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, सिव्हिल, सगळे असतात. पण अर्बन डिझाइनच्या बऱ्याच डिग्र्यांना आधी आर्किटेक्चर किंवा लँडस्केपची व्यावसायिक पदवी लागते. हार्वर्डचं एमएयूडी तसंच. मग तुमच्यासाठी जोडी होते एम.आर्च अधिक प्लॅनिंग, किंवा लँडस्केप अधिक प्लॅनिंग, आणि ती चार वर्षांच्या आसपास जाते. काठावर पास असाल तर आधी एक उन्हाळा स्केचबुक घेऊन रस्त्यावर बसून बघा. पाठ दुखत नाही तोवर आवडतंय की नाही कळत नाही.

शब्दच्छल
अवांतर: अर्बन डिझाइनला मराठीत काय म्हणायचं? नगररचना म्हणावं तर ते टाउन प्लॅनिंगने कधीच बळकावलंय.

हलकंफुलकं
नागरी अभिकल्प.

शब्दच्छल
हे ऐकून कुणी प्रवेश देईल का?

जुना_पूल
रचना म्हणजे खरं तर डिझाइनच. प्लॅनिंगवाल्यांनी नियोजन घ्यावं आणि रचना परत करावी. पण ते कुठली जमीन परत करतात, जी रचना करतील!

सेटबॅक
काका, आम्ही रस्तारुंदीत घेतो, परत देत नाही. नियमच आहे.

दुसरी_पाळी
गाडी रुळावर आणते. एसओपी राहिलंच.

मी दुसऱ्या वर्षी प्लॅनिंगच्या निवड समितीवर विद्यार्थी-सदस्य होते. ढिगाने वाचली. निम्म्यांची सुरुवात "लहानपणापासून मला शहरांचं आकर्षण" अशी. ड्युअलवाल्यांची ओळखायची खूण वेगळी. शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य चिकटवलेलं असतं, की मी डिझाइनलाही अर्ज केला आहे, कारण दोन्ही विषय महत्त्वाचे आहेत. का महत्त्वाचे? पत्ता नाही. तिथे वाचणाऱ्याला एवढंच दिसतं की उमेदवाराला ठरवता येत नाहीये.

लक्षात राहिलेलं एक सांगते, ओळख पटणार नाही इतपत. त्या मुलाने एका चौकात दोन तास उभं राहून कोण कुठून रस्ता ओलांडतं ते हाताने मोजलं होतं. पोर्टफोलिओत त्याने तो कागदच स्कॅन करून लावला होता: पेन्सिलीच्या पाच-पाचच्या जुड्या, मधे कुठेतरी पावसाने फुगलेला कोपरा. बहुतेक लोक झेब्रापासून बरंच लांब, एका कंपाउंडच्या फटीसमोर ओलांडत होते. पुढच्या पानावर त्याच फटीचा छेद, आणि त्याच्या पुढे एकच वाक्य: झेब्रा हलवायचा अधिकार कुणाचा, हे शोधायला तीन कार्यालयं फिरलो आणि उत्तर मिळालं नाही. बास. त्याला दोन्ही डिग्र्या कशाला हव्यात हे वेगळं सांगावं लागलं नाही.

तेव्हा एसओपी दोन लिहा, प्रश्न एकच ठेवा. प्लॅनिंगच्या समितीला तुम्ही आकडे, नियम, माणसं यांच्याशी कसे वागता ते हवं. डिझाइनच्या समितीला तुमची चित्रं कसा विचार करतात ते. मधला भाग बदलतो. कणा तोच.

प्रश्नचिन्ह_७
आणि प्लॅनिंगला पोर्टफोलिओ?

दुसरी_पाळी
बऱ्याच ठिकाणी मागत नाहीत किंवा ऐच्छिक असतो. ऐच्छिक असेल आणि तुम्ही आर्किटेक्ट असाल तर द्या, पण तोच डिझाइनवाला उचलून नको. चकचकीत रेंडर कमी, प्रक्रिया जास्त. आणि गटकामात स्वतः काय केलं ते प्रामाणिकपणे लिहा. त्याच गटातले तिघं त्याच वर्षी अर्ज करतात आणि तिघांनीही "संपूर्ण मास्टरप्लॅन" केलेला असतो. आम्हाला दिसतं हो.

नकाशावेडी
अगदी! आमच्या वर्षी एकच मॉडेल चार पोर्टफोलिओंत चार कोनांतून होतं.

झेब्रा_क्रॉसिंग
माझ्या नावाचा झेब्रा शेवटी हलला का पण?

तळमजला
पैशाचंही लिहून ठेवतो, कारण धागा गोड होत चाललाय. एका विभागाची शिष्यवृत्ती दुसऱ्या विभागात आपोआप येत नाही. कुठल्या सत्राची फी कुठल्या विभागाच्या दराने लागणार, आणि तिसऱ्या वर्षी मदत कोण देणार, हे होकार देण्याआधी ईमेलवर विचारा. निकाल साधारण मार्चमध्ये येतात. बरीच विद्यापीठं आर्थिक मदतीच्या ऑफरला १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायची मुभा देतात, तेवढा वेळ पूर्ण वापरा. माझ्या ओळखीतल्या एकाने आनंदाच्या भरात तासाभरात होकार कळवला आणि तिसऱ्या वर्षाचा खड्डा स्वतः भरला. अजून भरतोय.

सेटबॅक
आता मी थोडा मऊ झालोय, पण एक पर्याय मांडतो. आधी फक्त प्लॅनिंग करा. डिझाइनची भूक उरलीच तर नंतर छोटे कोर्स आहेत. कोलंबियाचा आर्किटेक्चर अँड अर्बन डिझाइनचा कोर्स उन्हाळ्यात सुरू होतो आणि तीन सत्रांत संपतो. मधे दोन-चार वर्षं नोकरी केलेली असेल तर स्टुडिओत प्रश्नही बरे पडतात.

नकाशावेडी
आणि तेव्हा नोकरी सोडवत नाही. मी अशा पाच जणांना ओळखते. पाचही "पुढच्या वर्षी" जाणार आहेत.

सेटबॅक
त्यातला एक मी. :)

कागदी_नकाशा
बाप रे, दोन दिवसांत केवढं लिहिलंत. सगळ्यांचे आभार. वाचनखूण साठवली, वहीतही उतरवलं.

आता माझं ठरतंय ते असं. मुळात मी "इमारतींच्या आधी ठरणाऱ्या गोष्टी" म्हणत होतो, पण दुसरी_पाळी ताईंचा तो झेब्रावाला मुलगा वाचून स्वतःलाच विचारलं, माझा चौक कुठला? उत्तर सापडलं बहुतेक. आमच्या ऑफिसातल्या पाच प्रकल्पांत तळमजल्यावर दुकानं काढली होती आणि पाचही ठिकाणी शेवटी पार्किंग आलं. का आलं, कुठल्या नियमाने, कुणाच्या सहीने, आणि नियम बदलला तर तो तळमजला खरंच कसा दिसेल, हे मला शोधायचंय. पहिला अर्धा प्रश्न प्लॅनिंगचा, दुसरा डिझाइनचा. हेच दोन्ही एसओपींत कणा.

अर्ज पाच विद्यापीठांत. तीन ठिकाणी दोन्हीकडे, दोन ठिकाणी फक्त प्लॅनिंग, जिथे पहिल्या वर्षात आतून अर्ज करता येतो. तळमजला साहेब, सीआयपी कोडसाठी पाचही ठिकाणी ईमेल टाकलेत. दोघांची उत्तरं आली, आणि दोघांचे कोड वेगळे आहेत!

तळमजला
बघा. आणि प्रकल्पही तळमजल्याचाच निवडलात, आयडीचं सार्थक झालं.

जुना_पूल
प्रश्न उत्तम. त्या पाच तळमजल्यांचे छेद एका पानावर, एकाच मापात, शेजारी शेजारी ठेवा. वर काही लिहू नका.

सेटबॅक
लिहा की. प्रत्येकाखाली तो नियम लिहा, कलमासकट. प्लॅनिंगच्या समितीतले लोक चित्राआधी तेच वाचतील.

नकाशावेडी
झालं, सुरू. डिझाइनच्या प्रतीत काकांचं ऐका, प्लॅनिंगच्या प्रतीत सेटबॅकरावांचं.

कागदी_नकाशा
एक शेवटचा प्रश्न. ते पाच छेद ज्या ऑफिसात केले, तिथे मी नोकरी सोडतोय हे अजून कुणाला माहीत नाही. ती चित्रं वापरायला साहेबांची परवानगी लागेल ना? आणि शिफारसपत्रही त्यांच्याचकडून हवंय.

हलकंफुलकं
पहिली जनसुनावणी ठरली. तारीख कळवा, आम्ही सगळे हजर राहतो.